आधी शाळू उपटा, मग व्हिसा काढा!

'सगळं सोडून कुठल्यातरी शेतात जाऊन राहावंसं वाटतंय यार!' अप्रेझलच्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा डायलॉग दिवसातून तीनदा ऐकू येतो. आता त्याला फॉरेनची फोडणी बसलीय. इटलीत द्राक्षं तोडायची, व्हिएतनामच्या खेड्यात पोरांना इंग्रजी शिकवायचं, राहणं-जेवण फुकट आणि वर फोटो एकदम झक्कास! आयडिया वाईट नाहीच. माझ्याही डोक्यात ती दोन वर्षं घोळतेय.

गंमत म्हणजे ही कल्पना मुळात आपल्यासारख्याच एका ऑफिसवालीची. स्यू कोपार्ड लंडनमध्ये सेक्रेटरी होती. शनिवार-रविवार तरी मातीत घालवावा म्हणून १९७१ साली तिने ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर कामाचा वीकेंड ठरवला. पहिल्या खेपेला जेमतेम चार जण होते. त्यातूनच 'वूफ' उभं राहिलं. आज ते शंभरहून जास्त देशांत आहे, भारतातही. हिशेब साधा आहे. तुम्ही दिवसाला चार ते सहा तास राबायचं, शेतकऱ्याने अंथरूण आणि ताट द्यायचं. पगार नाही.

पण 'पगार नाही म्हणजे टूरिस्ट व्हिसा चालेल' असं समजू नका. न्यूझीलंडमध्ये राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरतात आणि त्यासाठी तसाच व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा भारतीयांसाठी खुला केला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा आणि निवड सोडतीने. तेव्हा तिकीट बुक करण्याआधी त्या देशाचे नियम वाचा.

व्हिसाचं होईल हो. खरा प्रश्न वेगळाच आहे. तिथे आपला उपयोग काय? ते तपासायला मी यंदा फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा टाकली आणि परदेशाऐवजी मंगळवेढ्याजवळ मावशीच्या रानात गेले. ही मालदांडी ज्वारीची भूमी. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन मिळालं. मावशीकडे शाळू विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. काळ्या रानात वाकायचं, दोन्ही हातांनी धाट धरायचं आणि हिसका द्यायचा. जिममधला डेडलिफ्ट इथे काही कामाचा नाही! तासाभरात तळहाताला फोड आले. शेजारच्या पातीवरच्या काकू म्हणाल्या, 'ताई, तुम्ही आपल्या पेंढ्या बांधा.' मग त्याही त्यांनीच शिकवल्या. स्वतःची पात सोडून!

तिथे एक हिशेब कळला. नवख्या माणसाचे पहिले काही दिवस शिकवणाऱ्याच्या खर्चाचे असतात. चौथ्या दिवशी कुठे माझ्या पेंढ्या सुटेनाशा झाल्या. परदेशातल्या शेतावर दोनच आठवडे जाणार असाल, तर त्यातला बराचसा काळ तो शेतकरीच तुमच्यासाठी व्हॉलंटियरिंग करत असतो.

संध्याकाळी अंगणात इंग्रजीची शिकवणी. पोरांना 'माय कंट्री' निबंध धडाधड पाठ, पण एक प्रश्न विचारा म्हटलं की सगळी गप्प. मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि डाळिंबावर फवारायच्या औषधाचं इंग्रजी लेबल वाचायला घेतलं. (बाटली माझ्याच हातात!) तिच्यावरचा रंगीत त्रिकोण आजोबांना ठाऊक होता. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. बारीक अक्षरं मात्र त्यांनी कधी वाचली नव्हती. सातवीतल्या नातीने अडखळत वाचलं, 'पॉयझन... कीप आउट ऑफ रीच...' आणि पहिल्यांदाच आपणहून विचारलं, 'व्हॉट इज रीच?' पोरं आता कुठे बोलती झाली होती आणि नेमकी तेव्हाच माझी रजा संपली.

शाळू मी नसले तरी निघाला असता. पण उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं तर? दर पंधरा दिवसांनी नवा पाहुणा येतो, पुन्हा 'ए फॉर अ‍ॅपल'पासून सुरू करतो आणि फोटो काढून जातो. व्हिएतनाम असो की मंगळवेढा, पोरांना त्यातून मिळतं ते फक्त टाटा-बायबाय.

याबाबतीत आम्हा सोलापूरकरांसमोर एक उदाहरण घरचंच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, तेव्हा ते २७ वर्षांचे होते, आपल्याच वयाचे. ते तिथली भाषा शिकले. इतकी, की पुढे चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून वैद्यकीचे धडे देऊ लागले. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच संसार थाटला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. अवघे ३२ वर्षांचे. सोलापुरातलं त्यांचं घर आज स्मारक आहे. आपण काही कोटणीस नव्हे, मान्य. पण क्रम त्यांच्याकडून घेता येतो. आधी शिकायचं, मग शिकवायचं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच बाजारात ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला नव्या भाषेची भीती कसली?

तेव्हा मंडळी, जरूर जा. पण आधी घरच्या मातीत रिहर्सल करा. गावाकडे शेत नसेल, तर बाबा आमट्यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे, मे महिन्यात भरते. आणि परदेशी यजमानाला मेल टाकण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. शिकून झाल्यावर उपयोगी पडण्याइतके दिवस हातात आहेत का? तिथली पन्नास वाक्यं तरी बोलता येतात का? आणि मी निघाल्यावर माझा वर्ग कोण घेणार?

माझ्यापुरतं तिसऱ्याचं उत्तर सापडलंय. रविवारी संध्याकाळी सात ते आठ माझा फोन बिझी असतो. पलीकडे मावशीचं अंगण असतं आणि प्रश्न आता तिकडून येतात.