वाळवंटाची गिटार आणि बाजाराचे कान

युरोप-अमेरिकेच्या बाजारात आज 'डेझर्ट ब्लूज' म्हणून जे संगीत खपते, ते विस्थापितांच्या पोटातून आलेले आहे. १९६३ साली मालीच्या उत्तरेत तुआरेग लोकांनी उठाव केला आणि लष्कराने तो चिरडला. इब्राहिम अग अल्हबीब हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. त्याच्या बापाला ठार मारण्यात आले. परागंदा होऊन वाढलेल्या या पोराने पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून पहिली गिटार केली. १९७९ मध्ये अल्जीरियातील तामनरासेत येथे साथीदारांसह त्याने 'तिनारिवेन' उभे केले.

१९७० च्या दशकातील दुष्काळात जनावरे मेली आणि बेकार तरुण देशोधडीला लागले. फ्रेंच भाषेतील 'बेकार' या शब्दावरून त्यांना 'इशुमार' म्हणत. त्यांची गाणी कॅसेटवरून कॅसेट उतरवत तंबूतंबूत पोचली. १९९० च्या उठावात यांतील काहींनी बंदूकही हाती घेतली.

२०१२ साली 'तासिली' या अल्बमला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी उत्तर माली सशस्त्र धर्मांधांनी व्यापली आणि तिथे संगीतावरच बंदी घातली!

बाजाराला मात्र निळा फेटा, उंट आणि चांदणे हवे असते. तामाशेक भाषा कळत नसल्याने तक्रार गळून जाते आणि ताल तेवढा विकला जातो. नायजरचा म्दू मॉक्तार हे चालू देत नाही. २०२४ च्या 'फ्युनरल फॉर जस्टिस'मध्ये तो फ्रान्सला थेट जाब विचारतो. विचारणारच! नायजरमधील आर्लितचे युरेनियम १९७१ पासून उपसले गेले. त्यावर फ्रान्सच्या अणुभट्ट्या चालल्या.

पण वाचकहो, पीडितांच्या घरातही उतरंड असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तुआरेग समाजात वर सरदार, खाली मांडलिक, वेगळे काढलेले लोहार आणि तळाला गुलाम. गुलामाच्या पोटी जन्मला तो गुलाम. वसाहतवाद्यांनी गुलामगिरी कागदावर रद्द केली, तरी नायजरमध्ये तिला फौजदारी गुन्हा ठरवायला २००३ साल उजाडले. 'मुक्त भटक्यांचे संगीत' अशी जाहिरात वाचताना मग प्रश्न पडतो, की यातले मुक्त कोण? तंबूत पाणी कोण भरत होते?

गुलामांच्या वंशजांनी मालीत २००६ साली स्वतःची संघटना बांधली. तिचे नाव 'तेमेद्त'.