मुंबई शहर (भायखळा व परळ) मतदारसंघ

मुंबई शहर (भायखळा व परळ) हा ब्रिटिशकालीन मुंबई प्रांताच्या विधानसभेचा बहुसदस्यीय मतदारसंघ होता. 'भारत सरकार कायदा, १९३५' अन्वये तो अस्तित्वात आला. या कायद्याखाली प्रांतिक विधानसभेच्या १९३७ व १९४६ अशा दोनच सार्वत्रिक निवडणुका झाल्या. डॉ. भीमराव आंबेडकर १९३७ मध्ये येथील राखीव जागेवरून निवडून आले.

रचना

मतदारसंघात गिरणी कामगारांची दाट वस्ती होती. मात्र मताधिकार मालमत्ता, घरभाडे, कर, शिक्षण अशा अटींनी मर्यादित होता. प्रांतिक विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ जागा पुणे करारानुसार अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. त्या संयुक्त मतदारसंघांतून भरल्या जात. मुंबई प्रांतात संचयी मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदारास असत आणि ती सर्व एकाच उमेदवारास देता येत. त्यामुळे संख्येने अल्प असलेल्या समाजालाही आपली मते एकवटून आपल्या पसंतीचा प्रतिनिधी निवडणे शक्य होई.

१९३७ची निवडणूक

आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ही निवडणूक लढवली. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध विख्यात क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. विधानसभेत आंबेडकरांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. पुढील वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर मर्यादा घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकास त्यांनी विरोध केला. त्या विधेयकाच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईतील कामगारांनी एक दिवसाचा संप केला.

शेवट व नंतरचा काळ

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि मतदारसंघांची नव्याने आखणी झाली. जुनी प्रांतिक रचना संपुष्टात आली. मताधिकार व्यापक झाला, परंतु संचयी मतदान राहिले नाही. १९५१-५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघात मतदारास दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. तेथील राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी आंबेडकरांचा सुमारे १४ हजार मतांनी पराभव केला. दुसरे मत वाया घालवण्याचा, म्हणजेच 'मते कुजवण्याचा' प्रचार झाल्याची तक्रार करून आंबेडकर व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला होता. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघही रद्द झाले.