शेफिल्डचा धूर आणि टिन्सलीचा पत्ता

1936 साली लेखक जॉर्ज ऑर्वेल इंग्लंडमधल्या शेफिल्डला आला तेव्हा एका जागी उभं राहून त्याने धुराडी मोजली. 33 भरली. धुराने नजर अडवली नसती तर आकडा आणखी वाढला असता, असंही त्याने लिहून ठेवलं. शहराच्या कुरूपतेबद्दल त्याने बरंच सुनावलं आहे. पण तो धूर नेमका त्याच भागात का दाटला होता, हे कळायला शेफिल्डचा नकाशा उताराच्या अंगाने बघावा लागतो.

पश्चिमेला पेनाइन्सचं माळरान, शहराच्या हद्दीतच 548 मीटरपर्यंत चढलेलं. तिकडून रिव्हलिन, लॉक्सली, पोर्टर, शीफ या छोट्या नद्या उतरतात आणि डॉन नदीला मिळतात. डॉन पुढे ईशान्येला टिन्सलीच्या सखल भागाकडे जाते. वरच्या ओढ्यांच्या पाण्यावर पूर्वी सुऱ्या-कात्र्यांना धार लावायची चाकं फिरत. पुढे कोळसा आला, 1858 साली संशोधक-उद्योजक हेन्री बेसेमरने इथे पोलादाचा कारखाना काढला, आणि मोठ्या भट्ट्यांना सपाट जागा नि रेल्वे हवी झाली. दोन्ही डॉनच्या खालच्या खोऱ्यात होती. ॲटरक्लिफ, ब्राइटसाइड, टिन्सली काळवंडले ते तेव्हापासून.

इथला वारा बहुतेक दिवस पश्चिम-नैर्ऋत्येचा. माळरानावरून येणारी ताजी हवा आधी ब्रूमहिल, रॅनमूरच्या बंगल्यांना मिळायची, आणि कारखानदारांनी बंगले बांधले ते तिथेच. उरलेली हवा भट्ट्यांचा धूर घेऊन पूर्वेच्या कामगार वस्त्यांवरून जायची. तिथल्या बायका धुणं वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्याने पुसून काढत. दोरीवरची काजळी धुतलेल्या चादरीवर उमटायची. नगररचना वगैरे नंतर. या शहराची श्रीमंत-गरीब वाटणी आधी वाऱ्याने केली, असं माझं मत आहे.

हिवाळ्यात वारा पडला की मामला आणखी बिघडे. निरभ्र रात्री माळावरची गार, जड हवा पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि झाकण लागतं. थंडीत भल्या पहाटे आपल्याकडे शेकोटीचा धूर वर न जाता शेतावर आडवा पसरतो, तसंच. फक्त इथे शेकोटीच्या जागी शेकडो भट्ट्या आणि घराघरातल्या कोळशाच्या शेगड्या.

लंडनच्या 1952च्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला. शेफिल्डने तो मनावर घेतला. 1959 पासून एकेक भाग धूरमुक्त जाहीर होत गेला आणि 1972पर्यंत सगळं शहर त्यात आलं. घरातली शेगडी बदलायच्या खर्चातले दहातले सात वाटे परत मिळत. 1980च्या दशकात पोलादाचा धंदाच बसला, भट्ट्या थंडावल्या, आणि 1990 साली एका जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर मेडोहॉल हे प्रचंड खरेदी-संकुल उभं राहिलं. इथवरची गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे, आणि शेफिल्डकर ती तशी सांगतातही.

पण धुराडी उभी असतानाच, 1968 साली, एम-1 महामार्गाचा दुमजली पूल त्याच खोऱ्यावरून गेला. कुठे? टिन्सलीलाच. पुलाशेजारचे जुन्या वीजकेंद्राचे दोन कूलिंग टॉवर 2008 साली पाडले गेले, त्याची केवढी हळहळ झाली! वाहनांच्या धुराची चर्चा त्या मानाने कमीच. कोळशाचा धूर निदान दिसायचा. वाहनांतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड दोरीवर डाग पाडत नाही. महामार्गाला खेटून भरणारी टिन्सलीची प्राथमिक शाळा अखेर 2016 साली नव्या जागी हलवावी लागली.

ऋतूंनी आपापला वाटा अजून सोडलेला नाही. 5 नोव्हेंबरच्या रात्री इथे होळ्या पेटतात, फटाके उडतात; त्यात हवा थांबलेली असली तर सूक्ष्म कण एका रात्रीत चढतात. वसंतात वारा पूर्वेचा झाला की युरोपातल्या शेतांवरच्या खतांतून निघालेला अमोनिया कणरूपाने येऊन पोचतो. 2014च्या वसंतात त्यात सहाराची धूळही मिसळली होती. आणि ज्या माळावरून चांगली हवा येते म्हणून बंगले बांधले, त्याच माळावर शिकारीच्या पक्ष्यांना कोवळा पाला मिळावा म्हणून झुडपं जाळतात. ऑक्टोबर 2023 मध्ये तो धूर थेट शहरात उतरला. त्या दिवशी रॅनमूरकरांनाही खोकला आला असेल!

फेब्रुवारी 2023 पासून शेफिल्डमध्ये ‘क्लीन एअर झोन’ लागू आहे. प्रदूषण करणाऱ्या टॅक्सी आणि व्हॅनना दिवसाला 10 पौंड, बस आणि ट्रकना 50; खासगी मोटारींना काही नाही. झोनची हद्द शहरातल्या आतल्या रिंगरोडपर्यंत आहे. टिन्सली त्या हद्दीबाहेर येतं.