साखळीने मोजलेला खानदेश

जुन्या सातबाऱ्यावरचा गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. असा अडनिडा आकडा का? कारण मोजणीची साखळी 33 फुटांची होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर.

ब्रिटिश मोजणी अधिकारी कॅप्टन विंगेट यांच्या योजनेनुसार ही साखळी 1852 मध्ये खानदेशात आली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी मोजणी अडवली. मोजणी झाली की सारा वाढणार, ही धास्ती. सरकारने फौज आणून विरोध मोडला. अशा मोजणीतून तयार झालेला जुना गावनकाशा उलगडताना हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

मोजणीची रीत अशी: वावरात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ रेषा धरायची, तिच्यापासून वाकड्यातिकड्या बांधापर्यंत काटकोनात अंतरे घ्यायची, टिपणात उतरवायची. त्रिकोण-चौकोन पडले की क्षेत्र निघते. मात्र ओढून-ताणून कड्या झिजल्या आणि साखळी एका इंचाने जरी लांबली, तरी एकरामागे सुमारे 220 चौरस फूट जमीन कागदावर कमी भरते!

साऱ्यासाठी क्षेत्र आणि जमिनीचा कस पुरे. उंची कोणाला हवी होती? ती सापडते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर. 1:50,000 प्रमाणाचे प्रत्येक पत्रक 15 मिनिटे अक्षांश आणि 15 मिनिटे रेखांशाचे. धुळे शहर 46 एल/13 वर. जळगाव नेमके 21 अंश अक्षांशावर वसलेले, त्यामुळे शहराचा उत्तरेकडचा भाग 46 ओ/12 वर आणि दक्षिणेकडचा 46 पी/9 वर गेला आहे.

टोपोशीटवर तापीकाठच्या सपाट काळ्या रानात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, एकमेकींपासून लांब लांब पडतात आणि नदीजवळ येताच घळींत गुंतून जातात. धुळे-नंदुरबारकडे त्या लांबट, अरुंद टेकड्यांभोवती दाटतात. हे डाईक: दख्खनच्या खडकाच्या भेगांत शिलारस घुसून थिजला, भोवतालचा खडक झिजला, भिंती उरल्या. गावनकाशाच्या हिशेबी अशी टेकडी म्हणजे निव्वळ पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी जमीन.

पांझरा नदीवरच्या फडांचे, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामायिकपणे भिजणाऱ्या शेतांचे, पाट समोच्च रेषांना धरूनच जातात. ते खोदले गेले तेव्हा टोपोशीट नव्हते. पाणी आपसूक वाहत राहील आणि माती कापणार नाही, एवढाच उतार देत माणसांनी ते बंधाऱ्यापासून वावरापर्यंत नेले.