आदिवर्णागम : वाढलेला स्वर आणि उरलेला स्वर

तुलसीदासाच्या रामचरितमानसात ‘अस्तुति’ हे रूप वारंवार येते. संस्कृतावर पोसलेल्या वाचकाला ते ‘स्तुति’चे बिघडलेले रूप वाटते, आणि आरंभीचा ‘अ’ काढून शब्द ‘शुद्ध’ करण्याचा मोह होतो. परंतु तसे केले की चौपाईचा चरण मोडतो. ‘स्तुति’ दोन मात्रांचा. ‘अस्तुति’त जोडाक्षरामुळे पहिला ‘अ’ गुरू होतो आणि शब्द चार मात्रांचा भरतो. स्वर काढल्यानंतर मागील शब्दाचे अंत्य लघू अक्षर गुरू मानले, तरी एकच मात्रा भरून निघते. सोळा मात्रांचा चरण पंधरांवर येतो. शीख परंपरेच्या आदिग्रंथातील (१६०४) ‘इसनान’ हे रूपही असेच आहे. कवीने हे स्वर चुकून घातलेले नाहीत. त्याच्या भाषेत शब्दच तसा होता.

शब्दाच्या आरंभी नवा वर्ण येण्याच्या या प्रक्रियेस ग्रीक व्याकरणपरंपरेत ‘प्रॉथेसिस’, म्हणजे ‘पुढे मांडणे’, असे नाव आहे. मराठीत तिला आदिवर्णागम म्हणता येईल. ही कल्पना भारतीयांना अपरिचित नव्हती. यास्काने वर्णलोपाबरोबर वर्णोपजनही सांगितला आहे, आणि पाणिनीने आदेशाहून आगम वेगळा काढला आहे. मात्र ‘अभवत्’मधील ‘अट्’ हा आगम भूतकाळ दर्शवितो. त्याला व्याकरणिक कार्य आहे. ‘अस्तुति’तील ‘अ’ला कोणताही अर्थ नाही. तो केवळ उच्चारासाठी आलेला आहे. हा भेद न राखल्यास दोहोंचा घोटाळा होतो.

या प्रक्रियेचा भारतातील लिखित पुरावा फार जुना आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात स्त्रियांच्या कारभारावर नेमलेल्या महामात्रांचा उल्लेख आहे. तेथे ‘स्त्री’ या शब्दाचे रूप शाहबाजगढीच्या पाठात ‘इस्त्रि’, तर गिरनारच्या पाठात ‘इथी’ असे आढळते. पहिल्या रूपात ‘इ’ येण्याचे कारण, म्हणजे आरंभीचे अवघड जोडाक्षर, अजून डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्यात ते जोडाक्षर मोडून गेले आहे. स्वर मात्र जागेवर राहिला आहे. पालीतील ‘इत्थी’ आणि प्राकृतातील ‘इत्थी’ याच वाटेने आल्या. लॅटिन ‘स्कोला’चे प्राचीन फ्रेंचमध्ये ‘एस्कोल’ झाले, पुढे ‘स’ लोपला आणि ‘एकोल’ उरले. गिरनारची ‘इथी’ आणि पॅरिसची ‘एकोल’ यांचा इतिहास असा अगदी समांतर आहे. मराठीच्या जुन्या व ग्रामीण वापरातील ‘अस्तुरी’ त्याच कुळातील; मात्र तिच्यात जोडाक्षर फोडणारा ‘उ’ही आला आहे.

जोडाक्षर टाळण्याचे मार्ग अनेक असतात. इंग्रजीतून आलेल्या ‘स्टेशन’चे हिंदीच्या बोलींत ‘इस्टेशन’ होते, पंजाबीत ‘सटेशन’ आणि मराठीच्या ग्रामीण बोलींत ‘टेसन’. परंतु ही निवड सर्वस्वी यादृच्छिक नसते. हिंदीत ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते, पण ‘स्लेट’चे ‘इस्लेट’ न होता ‘सिलेट’ होते, ‘ग्लास’चे ‘गिलास’. ‘स’ आणि स्पर्श व्यंजन यांची जोडणी घट्ट असते, म्हणून स्वर तिच्या बाहेर राहतो आणि ‘स’ नव्या अक्षराच्या शेवटी जाऊन बसतो. ‘ल’ किंवा ‘र’ पुढे असेल तर मात्र मधल्या फटीत स्वर सहज शिरतो.

जोडाक्षर हे तरी एकमेव कारण आहे काय? तमिळ पाहता तसे म्हणता येत नाही. शब्दारंभी कोणते वर्ण येऊ शकतात हे तोल्काप्पियमने सांगितले आहे आणि त्यांत ‘र’ व ‘ल’ नाहीत. म्हणून ‘राम’चा ‘इरामन्’, ‘रत्न’चे ‘इरत्तिनम्’, ‘रूप’चे ‘उरुवम्’ आणि ‘राजा’चा ‘अरसन्’ होतो. पुढे ‘ऊ’ असल्यास आगमही ‘उ’ असतो, हे ‘उरुवम्’वरून दिसेल. कंबनाच्या महाकाव्याचे नावच ‘इरामावतारम्’ आहे. जी प्रक्रिया हिंदी पट्ट्यात गावंढळ ठरते, तीच तमिळमध्ये शिष्ट काव्यभाषेचा नियम आहे. तेव्हा शुद्धाशुद्धतेचा निवाडा ध्वनीत नसून तो करणाऱ्यांच्या परंपरेत असतो.

यापेक्षा अवघड प्रश्न दिशेचा. ‘आगम’ म्हणताच मूळ शब्दात तो वर्ण नव्हता असे आपण गृहीत धरतो, आणि येथेच रूपसाम्य फसविते. कोकणीतील ‘इस्कोल’ आणि हिंदी बोलींतील ‘इस्कूल’ यांचे स्वर सारखे दिसतात. परंतु कोकणी शब्द पोर्तुगीज ‘एश्कोला’वरून आला, म्हणजे त्याचा स्वर गोव्यास पोचण्यापूर्वी शेकडो वर्षे युरोपात वाढला होता. मराठीतील ‘इस्टेट’ हा खेडवळ उच्चार नव्हे. लॅटिन ‘स्टाटुस’ला प्राचीन फ्रेंचमध्ये चिकटलेला स्वर इंग्रजीमार्फत मराठी दस्तऐवजांत आला आहे. आणि ‘इस्पितळ’ तर आगमाचे उदाहरणच नाही, कारण तेथील स्वर हा मूळ शब्दाच्या पहिल्या अक्षराचाच अवशेष आहे. व्यंजनांच्या बाबतीतही हेच. ‘ईट–वीट’ आणि ‘इंचू–विंचू’ या जोड्या समोरासमोर ठेवल्या तर एकच नियम असावा असे वाटते. परंतु ‘इष्टका’वरून आलेल्या विटेत ‘व’ वाढला आहे, तर ‘वृश्चिका’वरून आलेल्या इंचवातून तो गळला आहे.

ही चूक बोलींपुरती राहिलेली नाही. तिने तुलनात्मक भाषाशास्त्रातील मान्यवरांनाही दीर्घ काळ चकविले. संस्कृत ‘नर’, ‘नाम’, ‘रुधिर’ यांच्यासमोर ग्रीकमध्ये ‘अनेर्’, ‘ओनोमा’, ‘एरुथ्रोस’ असे शब्द आहेत. तारकांसाठी वेदात ‘स्तृभिः’ आहे, ग्रीकमध्ये ‘अस्तेर्’. ग्रीकांनी आरंभी स्वर वाढविला, असे एकोणिसाव्या शतकात सर्रास मानले जाई. १८७९ च्या आपल्या प्रबंधात फेर्दिनां द सोस्यूर याने मूळ भारत-युरोपीय भाषेत काही लुप्त ध्वनी होते असा तर्क वेगळ्याच पुराव्यावरून मांडला होता. पुढे हित्ती भाषेचे लेख वाचता आले आणि १९२७ मध्ये येझी कुरिवोविच याने तिच्यातील एक घर्षक व्यंजन सोस्यूरच्या तर्काशी जुळविले. ताऱ्याचा हित्ती शब्द ‘हस्तेर्‌’ने सुरू होतो. म्हणजे ग्रीक ‘अ’ हा आगम नसून लुप्त व्यंजनाची खूण होती. ग्रीकमधील अशा प्रत्येक स्वराबद्दल आजही एकमत नाही. पण पुराव्याचा भार आता ‘आगम’ म्हणणाऱ्यावर आहे.

या व्यंजनाचा माग संस्कृतातही सापडतो. ‘विश्व’ आणि ‘नर’ यांचा समास ‘विश्वनर’ व्हावयास हवा. वैदिक रूप ‘विश्वानर’ आहे, तसेच ‘सु’पासून ‘सूनर’. ‘नर’च्या आरंभी एके काळी असलेले व्यंजन लोपताना मागील स्वर दीर्घ करून गेले. त्या व्यंजनाची कल्पना पाणिनीला असणे शक्य नव्हते, तरीही ‘विश्वानर’ या संज्ञेतील दीर्घत्वासाठी त्याने स्वतंत्र सूत्र राखून ठेवले आहे.