दंड की औषध?

मृगाचा पाऊस पडला म्हणजे गोंदियाच्या बाजारात दोन प्रकारचे गिऱ्हाईक दिसू लागते. एक, धानाच्या पऱ्ह्यांसाठी बियाणे व खत नेणारा शेतकरी. दुसरे, बारावी उत्तीर्ण होऊन देवरी, सालेकसा, आमगाव, अर्जुनी मोरगावकडून आलेली व भाड्याची खोली शोधीत हिंडणारी त्याचीच मुले. बियाणे उगवले नाही तर शेतकरी दुकानदारास जाब विचारतो, कृषी खात्याकडे तक्रार करतो, प्रसंगी ग्राहक न्यायालयाची पायरी चढतो. परंतु शहराच्या हवाली केलेला मुलगा दुसऱ्याच वर्षी दारूच्या किंवा गांजाच्या नादी लागून घरी परतला, तर जाब कोणास विचारावयाचा हे त्या बिचाऱ्यास कळत नाही. तो नशिबाला बोल लावतो व गप्प बसतो. आजचा आमचा विषय ह्या गप्प बसण्याचा आहे.

असा प्रसंग उद्भवला की आमच्या शिक्षणसंस्थांस दोनच वाटा सुचतात. पहिली वाट झाकपाकीची. संस्थेच्या नावास बट्टा लागू नये म्हणून मुलास दम देऊन प्रकरण मिटवावयाचे. दुसरी वाट हकालपट्टीची. प्रकरण झाकता येत नाही असे दिसले की दाखला हाती देऊन त्यास वाटेस लावावयाचे. ह्या दोन वाटा वरून विरुद्ध दिसल्या तरी एकाच ठिकाणी पोचतात. व्यसन जेथल्या तेथे राहते, विकणारा सुखरूप राहतो, आणि पुढचा मुलगा अडचणीत सापडला म्हणजे मदत मागण्याऐवजी लपून राहणेच शहाणपणाचे असे समजतो.

व्यसनी विद्यार्थ्यास शिस्त लावू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्यास कायद्याची थोडीबहुत ओळख आहे तो असे म्हणणारही नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे कडक दारूसाठी वयाची २५ वर्षे व सौम्य मद्यासाठी २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे पदवीच्या वर्गात बसणारा बहुतेक प्रत्येक मुलगा पेला हाती घेतो तेव्हाच नियम मोडतो. गांजा, गर्द इत्यादी पदार्थांस १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे, व त्याच्या २७ व्या कलमाने नुसते सेवनही दंडनीय ठरविले आहे. परंतु त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे, आणि ते आमच्या किती प्राचार्यांनी वाचले असेल याची आम्हांस शंका आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्याजवर खटला चालू नये असे ते कलम सांगते. उपचार अर्धवट टाकले तर ही सवलत काढून घेण्याचीही त्यात तरतूद आहे. ज्या कायद्याने विकणाऱ्यास वीस वीस वर्षांच्या शिक्षा सांगितल्या, तोच व्यसनाधीनासाठी रुग्णालयाचे दार उघडे ठेवतो. कठोर म्हणून गाजलेला कायदा जेथे थांबतो, तेथून पुढे महाविद्यालयाने हातात काठी घेऊन धावावे यात शिस्त कोणती व शहाणपण कोणते?

मराठी वाचकास ह्या प्रश्नाची खरी ओळख कायद्याच्या पुस्तकाआधी रंगभूमीने करून दिली आहे. ज्या गडकऱ्यांनी आमच्याच विदर्भात, सावनेरास देह ठेवला, त्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा अडाणी नव्हे, हुशार वकील. त्याची सनद काही काळ रद्द होते, त्या अपमानाच्या दिवशी मित्र म्हणविणारा तळीराम त्यास पेल्याची वाट दाखवितो, आणि संसाराचा नाश होतो. प्रेक्षक एवढे लक्षात ठेवतात व डोळे पुसत घरी जातात. परंतु हाच सुधाकर मध्ये एकदा शुद्धीवर येतो, दारू सोडतो, नोकरी मागावयास जातो, तेथे त्याच्या वाट्यास अवहेलना येते, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो, हा भाग विसरला जातो. दाखला देऊन घरी पाठविलेला विद्यार्थी याच दुसऱ्या अंगाचा धनी होतो. परतीची वाट बंद करून ‘सुधार’ म्हणणे ही थट्टा होय.

उपचाराची वाट किती ओस पडली आहे याचा हिशेब सरकारनेच मांडला आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून केंद्र सरकारने करविलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी शेकडा १४.६ दारू घेतात असे तीत आढळले. त्याहून बोलका आकडा पुढे आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकासच कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाला होता, व रुग्णालयात राहून उपचार १८० जणांत एकास. उरलेले लाजेपायी, भयापायी किंवा सोय नाही म्हणून घरीच राहिले. यात एक धोकाही आहे. दीर्घकाळ व बेसुमार पिणाऱ्याने वैद्याच्या देखरेखीशिवाय दारू एकाएकी बंद केली, तर दोनतीन दिवसांत झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. ‘खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल’ हा वडीलधाऱ्यांचा तोडगा म्हणूनच घातक आहे.

कोणी म्हणेल, जिल्ह्यात दारूच बंद करा म्हणजे प्रश्न मिटला. दारूबंदीच्या तत्त्वाशी आमचे वैर नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने ते राज्यापुढे ठेवलेच आहे. १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या चळवळीत स्वयंसेवकांनी पुण्याच्या गुत्त्यांपुढे पहारा केला. परंतु अनुभवाकडेही पाहिले पाहिजे. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही २०१६ मध्ये तेथे ‘मुक्तिपथ’ नावाने गावोगाव संघटन व उपचार यांची वेगळी मोहीम उभारावी लागली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली व २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, जो आजारी आहे त्याचे काय करावयाचे हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि गोंदिया हे तर तीन राज्यांच्या सांध्यावरील, मुंबई–हावडा लोहमार्गावरचे मोठे जंक्शन. येथे माल येणारच नाही असे मानून धोरण आखणे म्हणजे वैनगंगेस पूर येणार नाही असे समजून काठावर घर बांधण्यासारखे आहे.

इतर देशांनी ह्या कामी काय केले? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये असा नियम केला की, अतिमद्यपानाने अत्यवस्थ झालेल्या मित्रासाठी जो विद्यार्थी मदत बोलावील त्याला, व ज्याच्यासाठी बोलावील त्यालाही, शिस्तभंगाची शिक्षा होऊ नये. मात्र रुग्णाने पुढे समुपदेशकास भेटले पाहिजे. पुढे मदतीसाठी येणारे निरोप वाढले. याचे मर्म आमच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांस लगेच समजेल. मित्र बेशुद्ध पडला की ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणून दार ओढून घेतले जाते, कारण रुग्णवाहिका आली तर सर्वांचेच नाव जाईल ही भीती. उताण्या पडलेल्या माणसास ओकारी श्वासनलिकेत जाऊन मरण येते. त्यास कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये व १०८ वर कळवावे, एवढे ज्ञान व एवढे अभय असते तर प्राण वाचतो. दुसरे उदाहरण आइसलंडचे. तेथील १५–१६ वर्षांच्या मुलांपैकी मागील महिन्यात झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये शेकडा ४२ होते, ते २०१६ मध्ये ५ वर आले. त्यांनी केवळ व्याख्याने दिली नाहीत. मुलांच्या रिकाम्या संध्याकाळी खेळ, संगीत व पालकांचा सहवास यांनी भरल्या.

यावरून आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने सत्राच्या आरंभीच लेखी नियम प्रसिद्ध करावा: विकणाऱ्याची गाठ पोलिसांशी, सेवन करणाऱ्याची गाठ प्रथम समुपदेशकाशी व वैद्याशी, आपण होऊन मदत मागेल त्याचे नाव शिस्तीच्या वहीत लिहिले जाणार नाही. दुसरे, गुप्तता पाळावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार येतात व रुग्णास गोपनीयतेचा हक्क आहे. तेव्हा ही बाब प्राध्यापकांच्या खोलीतील गप्पांचा विषय होऊ नये. तिसरे, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गोंदियातच आहे. त्याच्या मनोविकार विभागाशी प्रत्येक संस्थेने ठराविक वाराची व्यवस्था ठरवून घ्यावी, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा व १४४१६ हा मानसिक आरोग्याचा मोफत दूरध्वनी क्रमांक प्रत्येक फलकावर लावावा. चौथे, उपचारासाठी गेलेले सत्र बुडीत धरू नये. मुलगा परतला म्हणजे त्याची जागा शिल्लक असावी.

आता आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. राईस मिलींचे मालक, अडते, घरमालक हेच ह्या शहरातील संस्थांच्या मंडळांवर बसतात व मुलांस खोल्या भाड्याने देतात. भाडे पहिल्या तारखेस येते की नाही हे आपण पाहता. भाडेकरू आठ दिवस वर्गास गेला की नाही हेही कधी पाहता काय? शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असे २००३ चा कायदा सांगतो. गल्ले मात्र फाटकासमोरच थाटलेले असतात आणि खर्रा घोटून हातात पडतो. ज्याच्या ओसरीवर ते दुकान उभे आहे त्याने भाड्याचा लोभ सोडला, तर पोलिसांची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

येथील कित्येक महाविद्यालये ज्या नागपूर विद्यापीठास जोडलेली आहेत, त्याची स्थापना १९२३ ची. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करीत आहे. महाराज खंजिरी घेऊन व्यसनी माणसाच्या गावात गेले. त्यास गावाबाहेर काढा असे सांगण्यासाठी गेले नाहीत. त्यांचे नाव पदवीपत्रावर छापणाऱ्यांनी निदान एवढे करावे की, चुकलेल्या मुलास त्या पदवीपर्यंत पोचण्याची वाट मोकळी ठेवावी. संस्थांच्या मंडळांनी येत्या बैठकीतच हा ठराव मांडावा. त्यास पैसा थोडा लागेल. धैर्य मात्र पुष्कळ लागेल, आणि ते दाखविण्याची वेळ आली आहे.