इंग्रजी ग्रंथांतील अवघड वाक्यें

जवळ शब्दकोश आहे, प्रत्येक शब्दाचा अर्थ वहींत उतरून घेतला आहे, आणि तरीही इतिहासाच्या वा शास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतील एखादें वाक्य कांहीं केल्या उकलत नाहीं, असा अनुभव वरच्या इयत्तांतील पुष्कळ विद्यार्थ्यांना येतो. मग तें वाक्य जसेंच्या तसें पाठ होतें, आणि परीक्षेंत प्रश्नाची भाषा थोडी फिरली कीं पंचाईत होते. ही अडचण बहुधा शब्दांची नसून रचनेची असते. म्हणून त्या रचनेविषयीं येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठींत क्रियापद सामान्यतः शेवटीं येतें. इंग्रजींत तें कर्त्यामागून लवकर यावयाचें. पण विद्वान् लेखक त्या दोहोंच्या मध्यें इतकें सामान भरतो कीं, क्रियापदापाशीं पोहोंचेपर्यंत कर्ता विसरलेला असतो. पुढील वाक्य आम्हीं नमुन्यादाखल रचिलें आहे: 'द फेल्युअर ऑफ द रेन्स ऑफ १८७६ इन द डेक्कन, अ ट्रॅक्ट डिपेंडंट अपॉन देम फॉर इट्स हार्वेस्ट्स, नेसेसिटेटेड द ओपनिंग ऑफ रिलीफ वर्क्स.'

येथें प्रथम क्रियापद शोधावें. तें 'नेसेसिटेटेड', म्हणजे आवश्यक केलें. कशानें? सर्वांत जवळचें नाम 'हार्वेस्ट्स' आहे, व घाईचा वाचक त्यालाच कर्ता समजतो. तसें न करितां दोन स्वल्पविरामांमधील मजकूर बोटानें झांकून मागें जावें, म्हणजे खरा कर्ता 'फेल्युअर' हा सांपडतो. (मराठींतील विरामचिन्हेंही इंग्रजीच्याच धर्तीवर आलेलीं आहेत, एकोणिसाव्या शतकांत तीं रूढ करण्यांत मेजर कँडी यांचा मोठा वांटा आहे.)

आतां 'फेल्युअर' व 'ओपनिंग' हे शब्द पाहावे. हीं नामें खरीं, पण त्यांच्या पोटांत क्रिया दडलेली आहे. शब्दास शब्द ठेविल्यास 'पर्जन्याच्या अभावानें साहाय्यक कामांचें उघडणें आवश्यक केलें' असें कांहींतरी होतें. तें मराठी नव्हे. नामांचीं पुन्हा क्रियापदें करावीं: त्या सालीं दख्खनेंत पाऊस पडला नाहीं, तेथील पिकें पावसावरच अवलंबून, म्हणून दुष्काळी कामें उघडावीं लागलीं. असें केल्यावर एक प्रश्न आपोआप उभा राहतो. कामें उघडलीं कोणीं? सरकारनें, पण तें वाक्यांत नाहीं. क्रियेचें नाम झालें कीं कर्त्याला लपावयास जागा मिळते. कोठें 'रयतेच्या हालांकडे झालेलें दुर्लक्ष' असें वाचलें, तर दुर्लक्ष कोणीं केलें हें विचारल्याशिवाय पुढें जाऊं नये.

संबंधी वाक्यांचीही अशीच गंमत आहे. मराठींत 'जें' आलें कीं 'तें' येणार हें ठरलेलें. 'द बुक द मास्टर गेव्ह मी इज लॉस्ट' या वाक्यांत मात्र जोड दाखविणारा शब्दच गाळलेला आहे. लागोपाठ दोन नामें येऊन दुसऱ्यापासून नवें वाक्य सुरू झाल्यासारखें वाटलें, तर तेथें 'जें' घालून पाहावें: गुरुजींनीं जें पुस्तक मला दिलें, तें हरवलें.

लहान शब्दांकडे मुलें फारसें पाहत नाहींत; आमच्या मतें खरा घात तेथेंच होतो. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहींतच, 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत. एका 'अ'नें अर्थ उलटतो. शास्त्रज्ञ 'मे' किंवा 'अपिअर्स' असें लिहितो, तेव्हां तो 'असूं शकेल', 'दिसतें' एवढेंच म्हणत असतो. तो शब्द गाळून उत्तर लिहिणारा विद्यार्थी लेखकाच्या पदरीं त्यानें न केलेलें विधान बांधतो.

ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं, त्यांनाही या कामीं मदत करितां येईल. मुलास रोज एकच अवघड वाक्य घेऊन घरच्या मराठींत सांगावयास लावावें, व दोनच प्रश्न विचारावे: काय झालें? कोणीं केलें? मुलगा अडखळला तर रागावूं नये; तो जेथें अडखळला, तेथेंच बहुधा वाक्याची गांठ असते.